कात्रणं नकोत, अख्खी पेटी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांवर पानभर मजकूर आला. मांडणी छान, झोक्याचं चित्रही छान. डाव्या बाजूच्या चौकटीत ‘जुन्या वृत्तपत्रातून’ म्हणून सात-आठ ओळी दिल्या आहेत. त्यांतल्या एका ओळीत ‘आखाजीला अंधार घरी आला’ असं छापलं आहे आणि लेखकाने त्या अंधारावर एक परिच्छेद खर्ची घातला आहे. सासरचा काळोख, बाईच्या आयुष्यातली रात्र वगैरे.

साहेब, तो अंधार नाही. ती आंडेर आहे. आंडेर म्हणजे लेक. ‘आखाजीले आंडेर घर उनी’, एवढंच त्या ओळीत आहे. सणाला लेक माहेरी आली. १९७९ साली एका दैनिकाच्या टेबलावर कुणीतरी ही अहिराणी ‘शुद्ध’ केली. ‘आखाजीले’चं ‘आखाजीला’ जमलं, ‘घर’चं ‘घरी’ झालं, ‘आंडेर’ काही कळली नाही म्हणून तिचा ‘अंधार’ केला, आणि अंधार पुल्लिंगी म्हणून ‘उनी’चा ‘आला’ झाला. व्याकरण बिनचूक, लेक गायब.

मला हे ठाऊक आहे, कारण ती बातमी माझ्या वडिलांनी पाठवली होती. छापून आल्यावर ते दोन दिवस आईच्या समोर आले नाहीत. ओळ आईची होती.

आमचे नाना पारोळा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत वार्ताहर. पंचायत समितीची बैठक, कपाशीवरची बोंडअळी, विहिरीत पडलेली म्हैस हे सगळं ते पाठवतच. पण त्यांचा जीव गाण्यात. जत्रेतला तमाशा, डफावर रात्रभर चालणारं ‘वही’ नावाचं लोकगायन, कानबाई देवीच्या रोटाची गाणी, लग्नातले बॅण्ड, आणि वर्षातून एकदा पैसे साठवून जळगावला जाऊन ऐकलेलं नाट्यसंगीत. ज्या शहरात लहानपणी बालगंधर्वांनी मेहबूबखाँकडे गाण्याचे पहिले धडे घेतले तिथे आपण टाळ्या वाजवून येतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. यातलं काही लिहायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

बातमी एसटीने जाई. खाकी पाकिटावर लाल शाईत ‘तातडीचे’, खाली ‘जळगाव, पू. खा.’. पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा होऊन कैक वर्षं झाली तरी नानांनी ‘पू. खा.’ सोडलं नाही. हा हट्ट पुढे माझ्या डोक्याला ताप झाला. शहाद्याच्या एकाच बॅण्डवर त्यांच्या वह्यांत तीन नोंदी आहेत: एक ‘प. खा.’ (पश्चिम खानदेश) खाली, एक धुळे जिल्ह्यात आणि शेवटची, १९९८ नंतरची, नंदुरबारमध्ये. बॅण्ड जागचा हललेला नाही. पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि तिकडे स्टँडवर छापखान्याचा पोऱ्या येऊन नेणार. गाडी चुकली की बातमी शिळी.

महिनाअखेरी बिल करायचं. छापून आलेला स्वतःचा प्रत्येक मजकूर कापायचा, फुलस्केपवर खळीने डकवायचा, लाकडी फूटपट्टीने मोजायचा आणि समासात लाल शाईने तारीख, पान, कॉलम, सेंटिमीटर लिहायचे. एक प्रत कचेरीला, एक आपल्याला. आपल्या प्रतीसाठी दुसरा अंक पदरच्या पैशांनी विकत घ्यावा लागे, आणि बिलाच्या मानाने तो खर्च हास्यास्पद होता. १९८३ च्या मार्चचं बिल माझ्यासमोर आहे, ४६ रुपये ५० पैसे. काहीतरी जपून ठेवतो आहोत असा विचार त्यांच्या मनात मुळीच नव्हता. उधारी बुडू नये म्हणून ठेवलेला तो हिशेब होता.

पण आज त्या हिशेबाखेरीज दुसरा पुरावा नाही. कारण बातमीवर नाव कुठे असायचं? ‘(आमच्या वार्ताहराकडून)’. बस्स. तेहतीस वर्षं लिहूनही नानांचं नाव फार तर दहा वेळा छापलं गेलं असेल, त्यांतलं एक दुखवट्यात. तुमच्या लेखकाला ती चौकट कुठल्यातरी ग्रंथालयात सापडली असेल, तर त्यांनी ‘जुन्या वृत्तपत्रातून’ लिहिलं यात त्यांचा दोष नाही. त्या कागदावर याहून जास्त काही लिहिलेलंच नव्हतं.

आता वह्यांविषयी, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

नाना प्रसंगाच्या जागी बसून जे लिहीत ते लाल कापडी बांधणीच्या उभ्या चोपडीत. किराणा दुकानदार वापरतात तशी. अशा १४ चोपड्या माझ्याकडे आहेत. मी हे अमळनेरहून लिहिते आहे. पुढच्या आठवड्यात सखाराम महाराजांचा रथ, बोरी नदीच्या पात्रात पाळणे उभे राहायला लागलेत. म्हणून १९७४ च्या यात्रेचंच उदाहरण देते. छापून आलेला मजकूर असा: ‘यात्रेनिमित्त तमाशाचे कार्यक्रम उत्साहात पार पडले. रसिकांनी मोठी गर्दी केली होती.’ कॉलमचे दीड सेंटिमीटर.

चोपडीत त्याच रात्रीची साडेचार पानं आहेत. गण किती वाजता उभा राहिला, गौळणीत मावशी कोण, बतावणीत त्या वर्षीच्या दुष्काळी कामांवर काय टोमणा मारला आणि त्यावर पुढे बसलेले तलाठी कसे हसले. मध्यरात्रीनंतर ढोलकीची शाईची पुडी (शाई लावलेलं कातडं) फाटली. शेजारच्या फडातून ढोलकी मागून आणली, ती चढ्या सुराची. पेटीवाल्याने काळी दोन सोडून पांढरी चार धरली आणि गाणारणीला उरलेली रात्र वरच्या पट्टीत काढावी लागली. ‘पहाटे आवाज फाटला तरी वन्समोअरला नाही म्हटले नाही’, असं वाक्य आहे. त्याखाली हिशेब: कुणाला किती रोज, मालकाकडून कुणाची किती उचल, दौलतजादा (प्रेक्षकांनी दिलेली बक्षिसी) किती आणि त्यातला फडाचा वाटा किती. शेवटी कलावंतांची यादी. नाव, गाव, काय वाजवतो. तंबू ठोकणाऱ्या दोघांचीसुद्धा.

तेव्हाच्या उपसंपादकाने हे छापलं नाही म्हणून माझी तक्रार नाही. जागा किती, जाहिराती किती, त्याला काय करायचं होतं? पण पुढे काय झालं ते ऐका.

सात-आठ वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ दारात आले. कासोद्याकडचे, डोक्याला पटका, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करायचा होता आणि आपण कलावंत असल्याचा पुरावा जोडायचा होता. कुणीतरी त्यांना सांगितलं की मास्तर सगळं लिहून ठेवायचे. “ताई, मास्तरनी वही दखाडा. मन्हं नाव व्हई त्यामा.” होतं की! १९७४, १९७७, १९८१. ढोलकी. पुडी फाटलेली ढोलकी त्यांचीच. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग त्या दुसऱ्या फडाच्या ढोलकीला, तिच्या मालकाला आणि मालकाच्या घराण्याला ज्या शिव्या दिल्या त्या मला इथे लिहिता येत नाहीत. चाळीस वर्षं झाली होती.

मी तिन्ही पानांच्या झेरॉक्स करून दिल्या. खिडकीतल्या माणसाने त्या परत केल्या. हस्तलिखित चालत नाही, छापील कात्रण आणा. छापील कात्रणात ‘रसिकांनी मोठी गर्दी केली होती’. पुढे त्यांना मानधन मिळालं की नाही ते मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी ते गेले, एवढं कळलं.

कानबाईची गोष्ट वेगळी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, बायका रात्र जागवतात. पुरुषाने त्या घोळक्यात चोपडी घेऊन बसणं नानांच्या काळात शक्यच नव्हतं. म्हणून आई ऐकून यायची आणि दुसऱ्या दिवशी चुलीशी बसून सांगायची, नाना ओट्यावर बसून लिहायचे. आईला लिहिता येत नव्हतं पण चाल आणि शब्द दोन्ही पक्के. “लिखा, पन मन्हं नाव नका टाकज्यात,” असं तिने बजावलेलं. पेपरात तर नाव आलंच नाही, पण नानांनी चोपडीत प्रत्येक गाण्याखाली ‘सौ. कडून’ लिहिलं आणि आईला कुणाकडून मिळालं तेही. कुणाची सासू, कुणाची जाऊ, कुठल्या गावची लेक. आखाजीची ती ओळ अशीच, आईच्या मावशीकडून आलेली, म्हणजे त्या ओळीमागे दोन बायका आहेत आणि चौकटीत एकही नाही.

१९८४ मध्ये नानांनी टेपरेकॉर्डर घेतला, तोही हप्त्याने. ३७ कॅसेट उरल्या आहेत. कॅसेटच्या पाठीवर दोन लहान कड्या असतात, त्या मोडल्या की वरून दुसरं काही भरता येत नाही. नाना आठवणीने मोडायचे. पण तिथे चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं हे भावाच्या मुलाला बाराव्या वर्षी कळलं. ‘कानबाई, ८६’ असं नानांच्या अक्षरात लिहिलेल्या कॅसेटमध्ये आता सिनेमाची गाणी आहेत. दुसऱ्या बाजूला शेवटी चारेक मिनिटं तो थांबला असावा. तिथे आईचा आवाज येतो. मध्ये कुकरची शिट्टी वाजते, आई गाणं थांबवते, कुणालातरी ‘गॅस बंद कर’ म्हणते आणि त्याच ओळीवरून पुन्हा सुरू करते. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी.

नाना २००९ साली गेले. त्या दिवाळीत धाब्याच्या घराची सफाई निघाली. नानांच्या या सगळ्या कागदांची पेटी माळ्यावर होती आणि वरून धाब्याची माती गळत होती, म्हणून घरच्यांनी सामान खाली काढलं, त्यातली तीन पोती रद्दीवाल्याने नेली. मला फोन आला तो उरलेलं काय करायचं विचारायला. मी कुणाला दोष देत नाही. त्या घरात तीन पिढ्या राहत होत्या आणि कागद राहायला जागा मागत होते. (तरीही माझं नाव कृपया छापू नका. घरात पेपर येतो.)

आणि दोष द्यायचाच तर पहिला मला. पेटी घरी आणल्यावर मी जे केलं ते रद्दीवाल्यानेही केलं नसतं. मी मराठीची शिक्षिका, नीटनेटकेपणाची हौस. बिलांच्या फायलीतली कात्रणं मी सोडवली आणि विषयवार लावली. तमाशा एकीकडे, वही एकीकडे, कानबाई-गुलाबाई एकीकडे. फुलस्केप फेकून दिले. त्यांच्या समासात नानांची लाल तारीख होती हे मला तिसऱ्या फायलीला लक्षात आलं. तोवर दोनेकशे कात्रणं बिनतारखेची झाली होती. वर, फाटू नयेत म्हणून मी त्यांना चिकटपट्टी लावली. आज पट्टी वाळून गळून पडली आहे आणि खाली तिच्या आकाराचा तपकिरी डाग राहिला आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल धरतं, मग घडीवर कागद बिस्किटासारखा तुटतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि आपण ही कात्रणं पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवतो. चोपड्यांचा कागद मात्र बराच टिकला. वाण्याच्या उधारीसाठी बनवलेला कागद पेपरच्या कागदापेक्षा चिवट निघाला.

‘स्कॅन करा आणि मोकळ्या व्हा’, असं मला आतापर्यंत निदान वीस जणांनी सांगितलं आहे. त्यांना मी दोन वस्तू दाखवते. पहिली, २००३ सालची एक सीडी. नानांनी हौसेने आपले निवडक पन्नास मजकूर गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले होते. श्रीलिपी या तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये, पेजमेकरवर. आज ती फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र खुणा दिसतात. वीस वर्षं चालली नाही ती सीडी. दुसरी वस्तू, एक सुतळी. नाना एकदा धडगावकडची होळी बघायला गेले होते. तिथल्या मोठ्या ढोलाच्या तोंडाचा घेर मोजायला त्यांच्याकडे टेप नव्हता. त्यांनी सुतळी गुंडाळली, जिथे पुरली तिथे गाठ मारली आणि ती सुतळी चोपडीच्या त्या पानाला टाचली. अजून आहे. तिचं स्कॅन कसं काढणार?

स्कॅन करू नका असं नाही. मी स्वतः करते आहे, रोज पाच पानं, नाव देताना आधी चोपडीचा नंबर आणि मग पानाचा. पण स्कॅन झालं म्हणून मूळ टाकायचं, हे मला पटत नाही.

मधल्या वर्षांत मी चार ठिकाणी विचारून आले. एका ठिकाणी ‘त्यांचं पुस्तक कोणतं?’ असा प्रश्न आला. पुस्तक नाही म्हटल्यावर चहा आला. दुसऱ्या ठिकाणी हे इतिहासात बसेना आणि साहित्यातही बसेना. तिसऱ्या ठिकाणी ठेवून जा म्हणाले, पण पोचपावती देणार का विचारल्यावर नाराज झाले. चौथ्या ठिकाणच्या तरुण ग्रंथपालांनी मन लावून पाहिलं आणि विचारलं, “बाई, चांगली चांगली कात्रणं निवडून देता का?” मुलगा गुणी होता, पण नेमकं हेच नको आहे. चांगलं म्हणजे काय? १९७४ साली ज्याने दीड सेंटिमीटर ठेवले त्यानेही चांगलंच निवडलं होतं. चोपडीशिवाय कात्रण निनावी राहतं, बिलाशिवाय त्याला तारीख राहत नाही, कॅसेटशिवाय चाल कळत नाही. जे एकत्र होतं ते एकत्र, ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने ठेवायचं. मी तो क्रम मोडून बसले, म्हणून इतकं ठासून सांगते.

आणि आपल्या मातीत हे कुणाला कळत नव्हतं असंही नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत राहिले, १९२६ साली धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात ते कागद आहेत. त्याच धुळ्यात शंकरराव देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपली आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, म्हणून आपल्याला मिळालं. (सोपानदेवांनी उतरवून घेतलेल्या बहिणाबाईंचं उदाहरण इथे सगळेच देतात, म्हणून मी देत नाही.) नारायण नरसिंह ऊर्फ नाना फडणिसांनी (पेशवाईतले नव्हेत) जळगावहून १८८७ ते १९३५ चालवलेली ‘काव्यरत्नावली’ आजही बघायला मिळते, कारण मासिकाचे अंक बांधून ठेवायची पद्धत होती. संतांची बाडं राहिली, राजांची दप्तरं राहिली, कवींची मासिकं राहिली. तमाशाची रात्र लिहिणाऱ्या मास्तराला यातलं कुठलंच कपाट नाही. मुंबई-पुण्याकडे तरी केशवराव भोळ्यांसारख्यांनी ‘एकलव्य’ या नावाने गाण्यावर लिहिलं त्याची पुढे पुस्तकं झाली, म्हणून ते उरलं. आमच्याकडे पुस्तकापर्यंत कोण पोचतो?

जात्यावरच्या ओव्यांचं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केलं, एक लाखाहून जास्त ओव्या. आता त्या ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत आणि ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव आहे. माझ्या आईला हे दाखवता आलं असतं तर तिने नाव टाकू दिलं असतं का, हा विचार येतो. नसतं दिलं बहुतेक.

कॅसेटवर सिनेमाची गाणी भरणारा भाचा आता टेक्सासात ऑस्टिनला असतो. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. तिथून तासाभरावर सॅन मार्कोस म्हणून गाव आहे, तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सातव्या मजल्यावर विटलिफ नावाच्या नवरा-बायकोने १९८६ मध्ये सुरू केलेला संग्रह आहे. त्या प्रांतातल्या लेखकांचे आणि गाण्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांचे कागद तिथे खोक्यांत लावून ठेवले आहेत. विली नेल्सन म्हणून त्यांचा मोठा गायक, त्याने लहानपणी हाताने तयार केलेली गाण्यांची वहीसुद्धा तिथेच. “आत्या, अगदी आपल्या वहीवाल्यांसारखी वही गं,” असं म्हणून तो थांबला. मग बराच वेळ कॅसेटबद्दल बोलला. मी म्हटलं, बारा वर्षांचा होतास, सोड. त्याने सोडलं नाही. उरलेल्या ३६ कॅसेट डिजिटल करायचा खर्च तो करतो आहे. पण मी हे ऐकून ‘बघा परदेशात कसं’ म्हणणार नाही. तिथेही कुणातरी नवरा-बायकोनेच सुरुवात केली, एवढंच मला त्यात घेण्यासारखं वाटलं.

‘पेपर सरकार ठेवतंच की’, असंही लोक म्हणतात. १९५४ च्या कायद्याने, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर वर्तमानपत्रांनाही, कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत अंक पाठवावा लागतो. मुख्य अंक जात असेल. तालुक्याच्या पानाचं, यात्रा विशेषांकाचं काय? आणि गेला असला तरी पारोळ्याच्या पोराने गावच्या वहीवर प्रबंध लिहायचा तर त्याने मुंबई गाठायची का? कॉपीराइटच्या हक्काचा बाऊही काही जण करतात. निनावी मजकुरावरचा हक्क छापल्यापासून ६० वर्षं, लेखक ठाऊक असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नानांचे वारस आम्ही दोघं भावंडं. आमची हरकत नाही, कागदावर लिहून देतो.

तर माझं मागणं. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे, आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. अमळनेर, धुळे, जळगावला जुनी वाचनालयं आहेत. यांपैकी कुठेही एक खोली आणि दोन लोखंडी कपाटं एवढ्यावर सुरुवात होईल. तिथे जुन्या वार्ताहरांच्या पेट्या अख्ख्या घ्याव्यात, निवड न करता, आणि आत काय आहे त्याची यादी करून देणाऱ्याला सहीशिक्क्याची पावती द्यावी. मी एकटी नाही. चोपडा, साक्री, चाळीसगाव, तळोदा, कुठल्याही तालुक्यात असा एखादा मास्तर, पोस्टातला एखादा माणूस, एखादा छापखानेवाला होऊन गेलाच असेल ज्याने बॅण्डवाल्यांची, डफवाल्यांची नावं लिहून ठेवली. त्यांच्या सुना-लेकींनी दिवाळीच्या आधी हे पत्र वाचावं अशी माझी इच्छा आहे. पोतं बाहेर काढा, पण रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी आतली वही एकदा उघडून बघा. चिकटपट्टी लावू नका. क्रम मोडू नका. तारीख फाडू नका.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, येत्या रविवारी ‘अंधार’ची दुरुस्ती छापावी आणि ओळीखाली ‘पारोळा तालुक्यातील एका शिक्षक-वार्ताहराच्या नोंदवहीतून, त्यांच्या पत्नीने सांगितल्याप्रमाणे’ असं यावं. नाव नको, आईने नको म्हटलं होतं. दुसरी, तुमच्या कचेरीत १९७५ ते १९८५ च्या जिल्हा पुरवण्यांच्या बांधीव फायली आहेत का? असतील तर मी महिनाभर रोज येऊन बसायला तयार आहे. माझ्या त्या दोनेकशे बिनतारखेच्या कात्रणांना तिथे तारखा सापडतील. डबा घेऊन येईन, तुमच्या माणसांना त्रास नाही.

पत्र लांबलं आहे. कापावं लागेल हे मला कळतं, वार्ताहराची मुलगी आहे. कापा. फक्त मूळ पत्र फेकू नका, परतीचं पाकीट तिकीट लावून सोबत जोडलं आहे.

फायलींबद्दल पोस्टकार्डाने कळवलंत तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव